जुन्या कॅनव्हासवर नवे चित्र : रंगाला हात घालण्यापूर्वी मागची बाजू पाहा

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८७ मध्ये पॅरिस येथे गवताचा एक हिरवागार तुकडा रंगवला. नेदरलँड्समधील क्रोलर-म्युलर संग्रहालयात असलेल्या या चित्राखाली आणखी एक चित्र आहे. २००८ मध्ये ते हॅम्बुर्ग येथील संशोधन केंद्रात नेऊन त्याच्या जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या भागावर दोन दिवस क्ष-किरणांचा झोत फिरवण्यात आला. वरच्या रंगाला धक्का न लावता खालच्या रंगांतील पारा व अँटिमनी या मूलद्रव्यांचा माग काढण्यात आला आणि एका शेतकरी स्त्रीचा चेहरा रंगांसह समोर आला. त्यापूर्वी सुमारे अडीच वर्षे नेदरलँड्समधील न्यूनेन या खेड्यात काढलेला तो चेहरा व्हॅन गॉग यांनी स्वतःच झाकून टाकला होता. कारण साधे होते. कॅनव्हास महाग होता आणि खिशात पैसे नव्हते.

वापरलेला कॅनव्हास पुन्हा वापरणे ही टाकाऊतून टिकाऊ करण्याची नवी हौस नाही, तर चित्रकारांची जुनी सवय आहे. पाब्लो पिकासो यांच्या १९०१ मधील निळ्या खोलीच्या चित्राखाली गळ्याला बो बांधून हातावर डोके टेकवलेला पुरुष आहे, हे २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहालयाने जाहीर केले. भारतात या सवयीचे सर्वांत मोठे उदाहरण चित्रपटांच्या हाताने रंगवलेल्या फलकांचे आहे. मुंबईसारख्या शहरांत चित्रपट उतरला की फलकाचे कापड खाली येई, त्यावर पांढरा हात फिरे आणि त्याच कापडावर पुढच्या चित्रपटाचा नायक उभा राही. तरुणपणी असे फलक रंगवूनच मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत पोट भरले होते. त्या काळातील मूळ फलक आज फारच थोडे उरले आहेत, त्याचे एक कारण हा पांढरा हातच होय.

घराघरांत आज हाच प्रश्न लहान प्रमाणावर उभा राहतो. दिवाळीपूर्वीची आवराआवर, घर बदलणे किंवा पुनर्विकासासाठी रिकामी होणारी इमारत, अशा प्रसंगी माळ्यावरून जुन्या तसबिरी, पोपडे धरलेली तैलचित्रे, काच फुटलेल्या चौकटी आणि मुलांनी अर्धवट सोडलेले कॅनव्हास खाली येतात. यातील बहुतेक वस्तू पुन्हा वापरण्याजोग्या असतात. नवा कॅनव्हास व नवी सागवानी चौकट यांच्या किमती पाहता तसे करणे शहाणपणाचेही आहे. मात्र एकदा रंग चढला की खालचे चित्र घरच्या घरी परत मिळवता येत नाही. क्ष-किरणांची सोय कोणाच्याही स्वयंपाकघरात नसते.

पाठीवर काय लिहिले आहे

म्हणून पहिले काम चित्र उलटे करण्याचे. चित्राची दर्शनी बाजू फसवी असू शकते, परंतु पाठ सहसा खरे सांगते. तेथे चित्रकाराची सही, तारीख, प्रदर्शनाची चिठ्ठी, चौकट करणाऱ्या दुकानाचा कागद, कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का यांपैकी काहीही सापडू शकते. २०२२ मध्ये एडिंबरो येथे व्हॅन गॉग यांच्याच एका शेतकरी स्त्रीच्या चित्राची क्ष-किरण तपासणी करण्यात आली, तेव्हा कॅनव्हासच्या पाठीवर त्यांचे स्वतःचे व्यक्तिचित्र असल्याचे आढळले. कोणे एके काळी चौकटीत नीट बसावे म्हणून त्या पाठीवर सरस लावून पुठ्ठा चिकटवण्यात आला होता आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे त्या पुठ्ठ्यामागे कोणी पाहिले नव्हते.

भारतीय घरांत अशा शोधाची शक्यता कमी असली, तरी ती शून्य नाही. मुंबईत सर जे. जे. कला विद्यालयाची स्थापना १८५७ मध्ये झाली. तेथे शिकलेल्या अनेक पिढ्यांनी व्यक्तिचित्रणावर उपजीविका केली, संस्थानिकांची, वकिलांची, सावकारांची आणि घरोघरच्या आजोबा-पणजोबांची तैलचित्रे काढली. त्यांतील काही नावे आज कलेतिहासात आहेत, काही विस्मरणात गेली आहेत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे सुपूर्द झाला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभरच्या देवघरांत पोहोचल्या. हौशी मंडळींनी त्या छापील देवींना जर, टिकल्या व कापडाची वस्त्रे चढवली. अशा चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव आढळल्यास त्यावर रंगाचा कुंचला न फिरवणेच बरे.

येथे कायद्याचाही संबंध येतो. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये किमान शंभर वर्षे जुन्या चित्राची गणना पुरावशेषांत होऊ शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. कापड, कागद किंवा लाकडावरील जुनी चित्रे नोंदणीच्या अधिसूचित प्रकारांत येतात, त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. याखेरीज राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ ठाकूर, अवनींद्रनाथ ठाकूर, गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ चित्रकारांच्या कलाकृतींना शासनाने राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. तेव्हा चित्र शंभरीच्या आसपासचे वाटत असेल किंवा सही वाचता येत असेल, तर पुढून व मागून छायाचित्र घेऊन जवळच्या कला महाविद्यालयातील किंवा संग्रहालयातील जाणकारास दाखवावे. तोवर ते पुसूही नये.

पुसण्याचा मोह विशेषतः काचचित्रांच्या बाबतीत महागात पडतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतात काचेच्या मागील बाजूवर उलटे रंगवलेली चित्रे तयार होऊ लागली. दक्षिणेत तंजावर परिसरात आणि पश्चिम भारतातही ती होत. चौकट उघडून काच आतून ओल्या फडक्याने स्वच्छ केली की जे निघून जाते ते मळ नसते, चित्रच असते. ओल धरून काचेला चिकटलेल्या जुन्या छायाचित्रांचेही तेच. छायाचित्र ओढून काढू नये. काचेसकट त्याची प्रत काढून घ्यावी आणि चौकट तशीच ठेवावी.

एवढी खातरजमा झाल्यावर उरलेल्या ढिगाकडे मोकळ्या मनाने पाहता येते, कारण त्यातील फार मोठा भाग निर्धास्तपणे वापरण्याजोगाच निघतो. उपाहारगृहांतून उतरवलेली छापील निसर्गदृश्ये, स्पर्धेतील सरावचित्रे, भेट मिळालेली आणि कोणालाच न आवडलेली सूर्यास्ताची चित्रे यांसाठी फार हळहळण्याचे कारण नाही.

तैलरंग की ॲक्रिलिक

कॅनव्हासवरचा जुना रंग कोणता आहे, यावर पुढील सर्व कृती अवलंबून असते. ओळखण्याची रीत सोपी आहे. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा भिजवून चित्राच्या कोपऱ्यावर हलकेच घासावा. बोळ्याला रंग लागला व पृष्ठभाग चिकट झाला, तर तो बहुधा ॲक्रिलिक असतो. पूर्ण वाळलेला तैलरंग इतक्या सहजी निघत नाही.

जुना रंग ॲक्रिलिक असेल तर काम सरळ आहे. सौम्य साबणाच्या पाण्याने धूळ व तेलकटपणा काढावा, ओला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा आणि कॅनव्हास वाळल्यावर जेसो या पांढऱ्या अस्तराचे दोन पातळ हात द्यावेत, दुसरा हात पहिल्याला आडवा. एक दिवस जाऊ दिला की कॅनव्हास तयार. छापील कॅनव्हासलाही हीच पद्धत चालते. मात्र त्याची शाई पाण्यात विरघळते काय, हे आधी ओल्या बोळ्याने कोपऱ्यात पाहून घ्यावे, अन्यथा पांढऱ्या अस्तरातून गुलाबी ओघळ वर येतात.

तैलरंगाच्या बाबतीत घरगुती चित्रकार हमखास चुकतात. जुन्या तैलचित्रावर थेट ॲक्रिलिक अस्तर मारले जाते, पहिले काही महिने सर्व ठीक दिसते आणि मग रंगाचा पापुद्रा सुटू लागतो. पाण्यात मिसळणाऱ्या अस्तराला तेलकट थरावर धड पकड मिळत नाही. उलट क्रम मात्र चालतो : ॲक्रिलिकवर तैलरंग बसतो. म्हणून जुन्या तैलचित्रावर पुन्हा तैलरंगातच काम करावे किंवा तेलावर आधारलेले अस्तर वापरावे. वरचे थर खालच्या थरांपेक्षा अधिक तेलाचे असावेत, हा जुना नियम येथेही लागू आहे, कारण कमी तेलाचा थर लवकर सुकतो व खालचा थर हलत राहिला की त्याला भेगा पडतात. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नयेत. हवेशी संयोग होऊन त्या तापतात आणि आपोआप पेटही घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

तैलरंगाचा आणखी एक स्वभाव आहे. वर्षे सरतात तसा तो किंचित पारदर्शक होत जातो आणि झाकलेली रेषा वर डोकावू लागते. चित्रकाराने बदललेला हात, पुसलेला घोडा, हलवलेली खिडकी पुन्हा दिसू लागते. इटालियन भाषेत या प्रकाराला जे नाव आहे त्याचा अर्थ पश्चात्ताप असा होतो. ज्यांना हा पश्चात्ताप नको असेल त्यांच्यासाठी अधिक सोपा मार्ग आहे : कॅनव्हास चौकटीवरून सोडवावा, उलटा करावा आणि कोऱ्या पाठीवर अस्तर लावून तेथे चित्र काढावे. पहिले चित्रही त्यामुळे वाचते. व्हॅन गॉग यांनी एडिंबरोच्या त्या कॅनव्हासवर हेच केले होते.

सैल पडलेला कॅनव्हास लगेच टाकून देऊ नये. चांगल्या चौकटीच्या आतील कोपऱ्यांत लाकडाच्या छोट्या पाचरी असतात. त्या हातोडीने हलकेच आत ठोकल्या की चौकट किंचित फाकते व कापड ताणले जाते. पाचरी नसतील तर मागील खिळे काढून कापड पुन्हा ओढून ठोकावे, प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे. लहान भोकाला पाठीमागून कापडाचे ठिगळ लावता येते, परंतु त्याच्या कडा कालांतराने पुढून उमटतात. मोठी फाट असेल तर तेवढा भाग कापून उरलेल्या कापडाचे लहान कॅनव्हास करणे चांगले.

पॉलिश पेपर आणि शिसे

जुना रंग कोरडा घासणे ही या कामातील सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. विसाव्या शतकातील बराच काळ चित्रकारांचा पांढरा रंग म्हणजे शिशापासून केलेला सफेदा होता. शेंदूर हेही शिशाचेच संयुग. चौकटींवर चढवलेल्या घरगुती रंगांतही शिसे असे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये करण्यात आला व तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या वस्तूंविषयी तशी खात्री देता येत नाही. शिशाची धूळ श्वासावाटे व हातावाटे पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा परिणाम होतो. सुट्टीतील उपक्रम म्हणून जुनी चौकट आणि पॉलिश पेपर मुलांच्या हाती देणे त्यामुळे अयोग्य आहे. घासायचेच असेल तर मोठ्यांनी, घराबाहेर, पाण्याने ओले करून व तोंडाला मुखपट्टी बांधून घासावे. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. मुलांकडे नंतरचे काम द्यावे. तेच अधिक मजेचे असते.

सुटे कापड आणि चिंचोक्याची खळ

ज्यांच्याकडे जुना कॅनव्हास नाही, पण जुन्या सुती साड्या व धोतरे आहेत, त्यांच्यासाठी ओडिशातील चित्रकारांनी फार पूर्वीच सोय करून ठेवली आहे. पुरीजवळच्या रघुराजपूर गावात घरोघरी पट्टचित्रे काढली जातात. तेथील पट्ट म्हणजे विकत आणलेला कॅनव्हास नव्हे. जुन्या सुती कापडाचे दोन थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवून तो केला जातो. चिंचोके पाण्यात भिजवून, वाटून, शिजवले की दाट चिकट खळ तयार होते. कापड वाळले की त्यावर खडूची भुकटी व तीच खळ यांचा लेप देतात, पुन्हा वाळवतात आणि प्रथम खरबरीत, मग गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटून झालेला पृष्ठभाग कातड्यासारखा मऊ व चिवट लागतो आणि त्यावर कुंचल्याची बारीक रेषा फुटत नाही.

ही रीत घरी जमण्याजोगी आहे. चिंचोके महाराष्ट्रात काय किंवा अन्यत्र काय, उन्हाळ्यात चिंच फोडल्यावर फुकट मिळतात. कापड नवे नसावे. अनेकदा धुतलेल्या कापडातील कांजी निघून गेलेली असते, त्यामुळे ते खळ नीट शोषते व नंतर आकसत नाही. घोटण्यासाठी नदीतला गोटा चालतो, स्टीलच्या वाटीचा तळही चालतो. मात्र पावसाळ्यात हा उद्योग करू नये. खळ वाळण्याआधीच तिला बुरशी येते, आणि वाळली तरी कसर व झुरळे यांना ती प्रिय असते. तयार पट्ट काचेमागे ठेवावा आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर टांगावा.

चौकटींचे काय

चौकटींच्या बाबतीत लाकूड आधी ओळखावे. सागवानी पट्टी वजनाला जड असते आणि नखाने सहज दबत नाही. गेल्या काही दशकांतील बऱ्याच चौकटी फायबरच्या म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीच्या असतात. त्या कापता येतात, पण घासल्या की सोनेरी वर्ख निघून आतला पांढरा फोम दिसतो. जुन्या चौकटीतून पिठासारखी भुकटी गळत असेल तर आत किडा आहे. ती इतर लाकडांपासून वेगळी ठेवावी व कीडनाशक भरल्यावाचून घरात टांगू नये.

खिळखिळे झालेले कोपरे दुरुस्त करणे अवघड नाही. जुना सरस कोमट पाण्याने मऊ होतो. तो खरवडून काढावा, चुका उपटाव्यात, पांढरा डिंक लावून चारही बाजूंनी सुतळी गुंडाळावी आणि काडीने पीळ देऊन रात्रभर ठेवावे. चौकट मोठी असेल तर लहान करता येते, लहान असेल तर मोठी मात्र करता येत नाही. कोपऱ्यांचे तिरके काप बिनचूक पंचेचाळीस अंशांचे असावे लागतात, म्हणून ते काम फ्रेमवाल्याकडेच द्यावे. तो मजुरी घेईल, पण पट्टीचे पैसे वाचतील.

कागदावरचे चित्र जुन्या चौकटीत बसवताना दोन गोष्टी बदलाव्यात. मागचा तपकिरी हार्डबोर्ड व जुना पिवळा पुठ्ठा आम्लयुक्त असतो, तो चित्राला वर्षानुवर्षे करपवत राहतो. जुन्या चित्रांच्या कडेने दिसणारी तपकिरी पट्टी त्यामुळेच उमटते. त्याऐवजी आम्लरहित पुठ्ठा घ्यावा. आणि काच चित्राला टेकू देऊ नये. मधे माउंटची जाड कड असली म्हणजे दमट हवेत कागद काचेला चिकटत नाही. कोकण, गोवा, कोलकाता, चेन्नई अशा किनारी भागांत हे विशेष जपावे.

देवादिकांच्या तसबिरींचा प्रश्न वेगळा आहे. काच तडकलेली तसबीर घरात ठेवू नये अशी अनेकांची समजूत असते आणि टाकवतही नाही. मग ती पिंपळाच्या पारावर, मंदिराच्या ओट्याशी किंवा नदीकाठी जाऊन बसते. तेथे पावसात कागद कुजतो, काच फुटून पायात जाते आणि खिळे गंजतात. तसबीर घरीच उघडली तर यातले बरेचसे टळते. कागदी चित्र आदराने वेगळे करून बादलीतील पाण्यात विरघळवता येते, काच व धातू भंगारात देता येतात आणि मोकळी चौकट दुसऱ्या चित्रासाठी उरते. त्या चौकटीत काय लावावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग झाला. त्याच आकाराचे त्याच देवतेचे नवे चित्र बसवणाऱ्यांची संख्याही कमी नाही, आणि नवी चौकट घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

काम पूर्ण झाल्यावर चित्र पुन्हा एकदा उलटे करावे. मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने तारीख, वापरलेले रंग व अस्तर यांची नोंद करावी. खाली आधीचे चित्र असेल तर त्याचा विषय एका ओळीत लिहून त्याच्या छायाचित्राची प्रत पाकिटात घालून तेथेच अडकवावी. कॅनव्हासच्या कापडावर पेनाने लिहू नये, शाई पुढून उमटते.